आली आणि आल्या

सोमवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी घरात चार ठिकाणी गजर वाजायला लागले आणि त्यातला कुठला कशासाठी लावलाय ते मला काही केल्या आठवेना. डेपोचा फोन उशीखाली, माझा फोन ओट्यावर, टॅब लेकीच्या खोलीत आणि जुना फोन कपाटाच्या खणात, स्वेटरांच्या खाली. एक बंद करावा तर दुसरा सुरू. नवरा पांघरुणातून म्हणाला, "अगं, बंबवाल्यांना बोलाव." त्याचं काय जातंय बोलायला! तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट एका वेळी एकाच मजल्यावर असते.

म्हणून ही वही काढली. हिला चार्जिंग लागत नाही, आणि ही मला रोज विचारत नाही की बाई, तू खरंच तूच आहेस ना?

मी बस डेपोत ड्यूट्या लावते. कुठला ड्रायव्हर कुठली गाडी कुठल्या मार्गावर नेणार ते मी ठरवते. कोणाची पाठ धरलीय, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोणाला मोठ्या पुलावर गाडी घालताना घाम फुटतो, सगळं मला तोंडपाठ. डेपोत माझ्या डोक्याचं कौतुक आहे. घरी मात्र त्याच डोक्याचा भुगा झालाय. लेकीच्या शाळेचं सगळं टॅबवर. विजेचं बिल नवऱ्याच्या फोनवर, पण त्याचा कोड येतो माझ्या जुन्या नंबरवर. मावशीच्या डोळ्यांचे रिपोर्ट माझ्या फोनवर. तिच्या औषधाचे थेंब मागवायचे लॅपटॉपवरून. हरवलेलं काहीच नसतं. सगळं कुठेतरी असतंच. कुठे, ते लक्षात ठेवायचं काम माझं, आणि या कामाला सुट्टी नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की रडायचंसुद्धा सुचलं नाही म्हणे. मावशीने लग्न केलं नाही, शिलाईच्या मशीनवर मला वाढवलं. आता तिला काचबिंदू झालाय. डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्याचं ऑपरेशन सव्वीस तारखेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही तारीख चुकवू नका. यात गेलेली नजर परत येत नाही." मी मान हलवली आणि तारीख तिथल्या तिथे फोनमध्ये घातली. संध्याकाळी टॅबवरही घातली. न जाणो.

पंधरा तारखेला रविवारी ती कायमची आमच्याकडे राहायला येतेय. मशीन आणि कपड्यांची एक पिशवी आधीच येऊन बसलीय.

लेक म्हणते, "आई, मग घरात दोन मावश्या. हाक मारली की दोघी धावत येतील." दुसऱ्या म्हणजे आमच्या कामाच्या मावशी. या वहीत मात्र घोळ व्हायचा नाही. मावशी आली म्हटलं की माझी, मावशी आल्या म्हटलं की कामाच्या. शाळेत बाईंनी एकदा मोठ्यांना अहो-जाहो करायला शिकवलं होतं. मी घरी येऊन लगेच विचारलं, "मावशी, तुम्ही जेवलात का?" तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "ठमे, तुम्ही परक्यांना म्हणायचं. मी परकी आहे का तुझी?" आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पुन्हा कधी माझी बिशाद झाली नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज डेपोत शोभा झाली. आमच्या मिशीवाल्या ड्रायव्हरला मी एकाच वेळी दोन गाड्यांवर लावलं. काल फोनवर बदल केला होता, तो कॉम्प्युटरने घेतलाच नाही, आणि सकाळी दोन्हीकडचं छापून लागलं. मिशीवाला माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, एक गाडी मी नेतो. दुसरी मिशी नेईल." सगळे खो-खो हसले. मीही हसले. साहेब हसले नाहीत. "तुमच्याकडून अशी चूक?" एवढंच म्हणाले आणि गेले.

मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या चुकीचं इतकं काही नाही. भीती वेगळीच आहे. एक दिवस काहीतरी मोठं हातातून सुटेल आणि ते सुटल्याचं मला कळणारसुद्धा नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुटले! नवऱ्याने नवीन फोन आणून दिला. म्हणाला, "सगळं याच्यात घाल आणि बाकीच्यांना टाटा कर." लेक बसली माझ्याबरोबर, थोडा वेळ. मग मैत्रिणीचा फोन आला आणि कार्टी पसार. पण तोवर मला जमायला लागलं होतं.

नव्या फोनने जुन्याची, टॅबची, डेपोच्या फोनची नावं गोळा केली आणि विचारलं, सारखी नावं सापडली आहेत, एकत्र करू का? अगदी नम्रपणे. मावशी, काका, दादा, ताई यांची तर नुसती झुंबड होती. एकेक उघडून बघायला कोणाला वेळ आहे? हो म्हटलं. सगळ्यांना हो. सर्रकन यादी निम्म्यावर आली.

तारखांचंही तेच. प्रत्येक गोष्ट दोनदा दिसत होती, एक फोनवरची, एक टॅबवरची. जुळ्यांचा कारखाना! मी एकेक जुळं पुसत बसले. दात, शाळा, गॅस, दवाखाना. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. पूर्वी मावशी शिवणाच्या सगळ्या चिंध्या काढून दोन्ही हातांनी गोळा करायची आणि म्हणायची, "बघ कशी जमीन दिसायला लागली." तसंच वाटलं.

ओट्यावरच्या फोनचं सिम नव्यात घातलं, आणि जुना फोन बंद करून पुन्हा खणात टाकला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

एक नको ते काम आज उरकलं.

मावशी आली की तिच्याजवळ दिवसभर कोणीतरी हवं. थेंब घालायचे, बाथरूमपर्यंत न्यायचं. कामाच्या मावशी सकाळचा तासभर येतात, त्यांना दिवसभर जमणार नाही. तेव्हा दिवसभराची बाई ठरवली, घरकामही तीच करणार. म्हणजे यांना नाही म्हणायला हवं. आणि ते मला तोंडावर सांगता येईना. काल सांगायला गेले तर त्यांनीच विचारलं, "डोकं दुखतंय का ताई? चहा टाकू?" झालं! मी मूग गिळून गप्प.

शेवटी आज डेपोतून लॅपटॉपवर निरोप लिहिला. लॅपटॉपला अजून जुनाच नंबर जोडलेला आहे, पण म्हटलं नाव तर येतंच ना. मावशी शोधलं, आली, लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी असं पाठवलं:

"मावशी, यापुढे तुम्ही आमच्याकडे येऊ नका. घरात आता वेगळी व्यवस्था करावी लागतेय. तुमचं इथे काही सामान असेल तर सवडीने घेऊन जा. आजवर आमच्यासाठी खूप केलंत. राग मानू नका."

आधी "उद्यापासून" लिहिलं होतं. ते फार तोडून टाकल्यासारखं वाटलं, म्हणून "यापुढे" केलं. नशीब, शब्दांचं तरी भान आहे मला. पाठवून लगेच लॅपटॉपवरून बाहेर पडले, डेपोत कोणी वाचायला नको. उत्तर काय आलं ते बघायचं धाडस नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कमाल आहे! सकाळी बेल वाजली आणि दारात कोण, तर मावशी. आल्या, चपला काढल्या, भांड्यांना लागल्या. गाणं गुणगुणत होत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी. "काही हवंय का ताई?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, काही नाही."

एक तर त्यांनी वाचलं नसेल, नाहीतर वाचून न वाचल्यासारखं करतायत. दुसरं असेल तर मानलं पाहिजे बाईला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मावशी यायची नाही म्हणते!

रविवारी गाडी घेऊन किती वाजता येऊ, हे विचारायला तिला फोन केला. पुष्कळ वेळ वाजला. आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "काय गं, सर्दी झाली का?"

"हो. सर्दीच."

"रविवारी दहाला येऊ?"

मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "नको येऊस. मी इथेच बरी आहे. खालचा शिंपी आहे, शेजार आहे. तुमच्या घरात कशाला अडचण?"

"अडचण कसली त्यात?"

"असते गं. माणसाची असते अडचण. मला कळतं."

"आणि ऑपरेशन?"

"बघू ते." मग एकदम म्हणाली, "ठमे, तुला काही बोलायचंय का माझ्याशी?"

मला वाटलं ती रागावलीय, मी महिनाभर गेले नाही म्हणून. डेपोचा फोन तिकडे वाजतच होता. मी म्हटलं, "नाही गं, काय बोलायचंय? तू म्हणशील तसं. ऑपरेशनच्या दिवशी मी घ्यायला येते तुला."

"बरं," म्हणाली. "मशीन तेवढं नेईन मी. शिंप्याला पाठवते."

फोन ठेवला. खोटं कशाला लिहू, इथे कोण बघतंय? मला हायसं वाटलं. एक माणूस कमी, एक औषधाची वेळ कमी, एक गजर कमी. मी तिला एकदाही म्हटलं नाही की असं कसं, तुला यायलाच हवं. ते म्हणायला हवं होतं हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तरी पुन्हा लावला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

शिंपी आला होता मशीन न्यायला. एरवी बोलका माणूस. आज उंबऱ्याच्या आत येईना. पाणी दिलं तर "नको" म्हणाला. मी म्हटलं, "अहो, मशीन राहू दे की इथे, तिला आता दिसतंय कुठे शिवायला?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आईला काही बोलले. "त्यांचं आहे, त्यांच्याजवळ असू दे," म्हणाला. नवऱ्याने खाली नेऊन द्यायला मदत केली. पिशवीही नेली, कपड्यांची.

"याचं काय बिनसलंय?" मी विचारलं. नवरा म्हणाला, "ओझं जड होतं गं, दुसरं काय!"

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दिवसभराच्या बाईला नको म्हणून कळवलं. आता कामाच्या मावशींना काढायचंही कारण उरलं नाही. त्यांनी निरोप वाचलाच नसावा, कारण आज त्या म्हणाल्या की त्यांचा फोन नातू खेळायला घेतो, त्या बघतही नाहीत. जीव भांड्यात पडला माझा. झाकली मूठ राहिली. कधी नव्हे ते माझं काम आपोआप निस्तरलं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आज काहीतरी होतं असं सकाळपासून वाटतंय. नव्या फोनवर पाहिलं. टॅबवर पाहिलं. डेपोच्या फोनवर पाहिलं. कुठेच काही नाही. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "लग्नाचा वाढदिवस नाही ना?" तो नाही.

डेपोत दोन ड्रायव्हर आजारी, एक गाडी बंद. संध्याकाळी घरी येताना पुन्हा तेच वाटलं, पायरीवर पाय ठेवता ठेवता. गॅस, दूध, फी, एकेक आठवून पाहिलं. सगळं झालेलं होतं. आपल्या डोक्याला आता रिकामं राहायची सवयच नाही, म्हणून असं होत असेल.

रविवार, १ मार्च

मावशीला फोन करायचा राहूनच जातोय. उद्या करते.

गुरुवार, ५ मार्च

अक्षर कसं येतंय ते बघत नाही.

लेकीच्या परीक्षेचा फॉर्म भरत होतो. कोड गेला जुन्या नंबरवर. मी करवादून खणातून जुना फोन काढला, चार्जिंगला लावला. तो सुरू झाला आणि टिंग टिंग वाजायलाच लागला. लेक हसून म्हणाली, "आई, तुझं फार नाव काढत होता वाटतं." मी कोड शोधत होते. वर दवाखाना दिसला, तिथे अजून माझा जुनाच नंबर होता. उद्या ऑपरेशन आहे, उपाशीपोटी या. आज आठला हजर राहा. रुग्ण आला नाही. रुग्ण आला नाही, कृपया संपर्क करा.

सव्वीस. आज काहीतरी होतं. ते हे होतं.

मी दवाखान्याचं जुळं पुसलं होतं. फोन आणि टॅब आता एकमेकांना जोडलेले, एक पुसलं तर दोन्ही गेली, आणि मला वाटलं होतं जमीन दिसायला लागली.

त्याच्या खाली मावशी. मी उघडलं. वर माझाच निरोप होता. यापुढे तुम्ही आमच्याकडे येऊ नका. मला आधी कळेचना की हा इथे कसा. मी नंबर बघितला. तो नंबर मला फोनशिवाय पाठ आहे, लहानपणापासून पाठ असलेला तो एकच नंबर आहे. घरकामाच्या मावशी आणि माझी मावशी, मी "हो" म्हटलं आणि फोनने दोघींना एकाच नावाखाली बसवलं. त्याला काय कळणार आली काय आणि आल्या काय! मला कळायला हवं होतं.

खाली तिचं उत्तर होतं. तिला लिहिता येत नाही आता, कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार.

"बरं. मशीन नेते. बाकी माझं तिथे काही नाही. तुम्ही सगळे सुखी राहा."

लेक विचारत होती, "आई, काय झालं? आई?" मला तिचं तोंड दिसत होतं, आवाज येत नव्हता.

शुक्रवार, ६ मार्च

काल तशीच निघाले. वाटेत शंभरदा मनात घोकलं काय सांगायचं ते. मावशी, तो निरोप तुला नव्हता. मावशी, फोनचा घोळ झाला. प्रत्येक वेळी ते जास्तच खोटं वाटत गेलं.

शिंपी दुकानाच्या दारातच होता. मला बघून उठला, आणि बाजूला झाला नाही.

"मीच वाचला तो निरोप," म्हणाला. "त्या खाली आल्या होत्या काठी टेकत. म्हणाल्या, माझ्या ठमीचा निरोप आलाय बघा, रविवारचं काहीतरी असेल, वाचा. मी वाचला. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. मग म्हणाल्या, नीट बघा हो, 'येऊ नकोस' लिहिलंय की 'येऊ नका'? मी म्हटलं, नका. 'तुम्ही' लिहिलंय? मी म्हटलं, हो. मग काठी बाजूला ठेवली. त्या स्टुलावर बसून राहिल्या दुकान बंद होईतो."

मी सांगायला लागले, फोन, नावं, एकत्र. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी म्हणाला, "जा वर."

मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. दार वाजल्यावर तिने मान वळवली, पण बघितलं माझ्या शेजारी, दाराच्या कडेला. मला तेव्हाच कळलं.

"मावशी," म्हटलं.

"ठमे?" तिने हात पुढे केला. मी धरला. मग सगळं ओकले एका दमात. रडत, नाक ओढत. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि हसली, खरंच हसली. "असं होय! म्हणजे त्या बाईला काढत होतीस आणि मला काढलंस. अगं, फोनाला काय कळतंय?"

"तुला खरं वाटतंय ना?"

"वाटतंय की. 'तुम्ही' लिहिलंस तेव्हाच मला वाटलं होतं, ही माझ्या ठमीची भाषा नव्हे." माझ्या हातावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच फोनवर विचारलं ना तुला, काही बोलायचंय का म्हणून. म्हटलं, निरोप एक वेळ चुकेल. आवाज कसा चुकेल? तू म्हणालीस, तू म्हणशील तसं."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी पाय धरले असते. ती मला नुसतं सांगत होती, काय झालं ते.

थेंब कधीच संपले होते. लॅपटॉपवरून मागवायचे ते राहिले होते, आणि मागायचे कोणाकडे? सव्वीस तारखेला ती सकाळपासून आवरून बसली होती. "आलीस तर असावं म्हणून," म्हणाली. दुपारी शिंपी रिक्षा बघायला निघाला तर हिनेच त्याला अडवलं. "ज्यांना नकोय त्यांच्या मागे कशाला लागायचं?"

"दिसतंय किती?" मी विचारलं.

"उजेड आहे, अंधार आहे. मधलं गेलं."

आज डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं, मग मला बाजूला घेतलं नाही, तिच्यासमोरच बोलले. दाब एकदम चढला, शीर सुकली. वेळेवर आला असतात तर. पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं, आणि मावशीने मला कोपराने ढोसलं. "चल, भूक लागलीय मला."

मंगळवार, १० मार्च

नवरा म्हणतो, "चूक यंत्राची आहे, तू कशाला स्वतःला खातेस?" भला माणूस आहे. त्याला तेरा तारखेचा फोन माहीत नाही. तो फोन कुठल्या यंत्राने केला नव्हता. मी केला होता, आणि ठेवल्यावर मला हायसं वाटलं होतं. ते या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

साहेबांनी विचारलं, रजा हवी का? नको म्हटलं. ड्यूट्या लावताना एकही चूक होत नाही हल्ली. त्याचीच शिसारी येते.

शनिवार, १४ मार्च

मावशीला घेऊन आलो. "आता कुठे जाणार मी?" एवढंच म्हणाली. मशीन नवऱ्याने पुन्हा वर चढवलं.

कामाच्या मावशींना आज सगळं सांगून टाकलं. त्या हातातलं फडकं पिळत ऐकत राहिल्या. "मला काढायचं होतं होय? तोंडाने सांगायचं की ताई. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" मग आत गेल्या आणि मावशीच्या पायांवर पांघरूण नीट घातलं.

तेवढंच होतं. एक वाक्य, तोंडाने.

रविवार, १२ एप्रिल

बरेच दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काय आहे? मावशी बोलते, हसते, लेकीला छळते. कामाच्या मावशी दुसरी घरं सोडून आता दिवसभर इथेच असतात. त्या तिला ताई म्हणतात, ती त्यांना ताई म्हणते. मला कोणी काही म्हणत नाही. फोनमध्ये मी तिचं नाव बदलून "माझी मावशी" केलं. ती आता पलीकडच्या खोलीत असते, तिला फोन करायची वेळच येत नाही. ते नाव तिथे नुसतं आहे.

रात्री कधी तिच्याजवळ बसते. एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, मला शिव्या तरी दे." ती म्हणाली, "कशाला? तू कामात होतीस." एवढंच. आणि कूस बदलली.

आज सकाळी डेपोत जाऊन यावं लागलं, दुपारीच परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. कामाच्या मावशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. मावशी खिडकीशी मशीनपुढे बसली होती, चाकावर हात ठेवून. चाक फिरवत नव्हती. मी चपला काढल्या. नवीन आहेत, त्यांचा आवाज तिच्या ओळखीचा नसावा.

तिने मान वळवली, माझ्या थोडी डावीकडे. केस सारखे केले. चेहऱ्यावर ते हसू आणलं, जे ती पूर्वी नवीन गिऱ्हाईक आलं की आणायची.

"कोण? या ना, या. बसा. ठमी अजून यायचीय."

मी पुढे होऊन खुर्ची ओढली आणि बसले.

"उन्हातून आलात का तुम्ही?" मावशीने विचारलं. "पाणी देऊ?"